गणपतरावांच्या दारापर्यंत डांबर

सम्राटचं डांबर कुठंही कमी पडू शकलं असतं. कोल्हापुरात रस्त्यांना तोटा नाही आणि डांबर कमी पडायला जागेचं बंधनही नाही. पण ते कमी पडलं कवठ गल्लीत, आणि कवठ गल्लीतही नेमकं शेवटच्या घरापुढं. त्या घरात गणपतराव राहत होते. गणपतरावांच्या पाठीमागं, उंबऱ्याच्या आत, त्यांची मुलगी अनुजा उभी होती, आणि तिला त्याच संध्याकाळी सम्राट रीतसर मागणी घालणार होता.

काळंभोर, वाफाळतं डांबर शेजारच्या चिमणाबाईच्या दारापर्यंत आलं आणि एखाद्या पावण्यानं बाहेरच चपला काढाव्यात तसं तिथं थांबलं. पुढं गणपतरावांच्या दारातली माती होती. डंपर रिकामा होता. रोलरवाल्या आकारामनं रोलर मातीपर्यंत नेला, खाली वाकून बघितलं आणि मागं घेतला.

गणपतरावांनी सबंध नोकरी एसटी चालवण्यात घातलेली, तीही बहुतेक गडहिंग्लजच्या गाडीवर. रस्ता त्यांना डोळ्यांनी बघावा लागत नसे, बुडाखालून कळे. ते पायरी उतरून खाली आले, डांबर जिथं थांबलं होतं तिथं चपलेच्या टोकानं रेघ ओढली आणि म्हणाले, "ज्याला माझ्या दारापातुर डांबर आणता येत न्हाय, त्यो माझी पोरगी कुठवर नेणार?"

मागणी अजून घातलेलीच नव्हती. पण नकार मिळाला होता, आणि तो सगळ्या गल्लीनं ऐकला होता.

सम्राट मूळचा मुरगूडचा, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, ठेकेदार अमरसिंहदादांकडं कामाला. त्याचं काम एवढंच, रस्ता मोजायचा आणि माल किती लागेल ते सांगायचं. माल म्हणजे डांबरात घोळलेली गरम खडी. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, आणि जे येईल त्याचं वजन. आठवीतल्या पोरानं करावं असं गणित. दादांना आठवीतलं पोरगं मिळालं नाही म्हणून त्यांनी डिप्लोमावाला ठेवला होता.

मोजायच्या टेपला दोन टोकं असतात आणि दादा माणूस एकच पाठवत. पहिल्या मोजणीला दुसरं टोक धरायला कुणीच मिळेना, तेव्हा कामावर निघालेली अनुजा थांबली आणि तिनं ते धरलं. ती एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाची फॅट मोजायची, त्यामुळं मोजण्याच्या कामात तिला परकं वाटलं नाही. सम्राट लांबून आकडा विचारायचा, ती लांबून सांगायची. ती टेप ताठ धरायची, झोळ पडू द्यायची नाही. सम्राटनं ती गल्ली त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा मोजली. गल्लीची लांबी काही बदलत नव्हती, पण गल्लीला सगळं समजलं. गणपतराव गल्लीतच राहत असल्यामुळं त्यांनाही समजलं.

तर, डांबर कमी पडलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तो रस्ता उखडून गेला. दिवाळीला बघावं तर अख्ख्या गल्लीत एकच जागा शाबूत राहिली होती, गणपतरावांच्या दारातली. कारण तिथं रस्ता झालाच नव्हता. गणपतराव आल्यागेल्याला तो तुकडा दाखवत. बघा, म्हणत, जरा तरी हललाय का.

रस्ता पुन्हा मंजूर झाला, आणि दादांनी तो पुन्हा सम्राटलाच दिला. दुसरं कुणी घेईना हे त्यातलं एक कारण. यंदा कमी पडलं तर सरळ मुरगूडला जाऊन ऊस तोडायला लाग, असं त्यांनी प्रेमानं सांगितलं. पण सम्राटला उसाची भीती नव्हती. त्याला ती चपलेची रेघ दिसत होती.

त्यानं जुना गुणाकार काढून तपासला. लांबी बरोबर होती, ती अनुजानं धरली होती. रुंदी बरोबर. जाडी बरोबर. गुणाकार शंभरदा केला तरी तोच आला. मग डांबर गेलं कुठं, हे बघायला तो टेप घेऊन गल्लीत गेला. पाणी प्यायला चिमणाबाईच्या घरात शिरला, आणि तिथं त्याला त्याचं डांबर भेटलं.

ते गोठ्यात होतं. चिमणाबाईच्या दोन म्हशी त्यावर उभ्या राहून रवंथ करत होत्या. अतिशय सुरेख, एकसारख्या जाडीचं काम होतं. रस्त्यावरसुद्धा इतकं चांगलं झालं नव्हतं.

चिमणाबाई काही ओशाळली नाही. "एक घमेलं टाका म्हटलं, तुमच्या मानसानं टाकलं," ती म्हणाली. "मग म्हशी दोन हायत म्हटल्यावर आनि एक टाकलं. सगळ्यांनीच घेतलं की."

सगळ्यांनीच घेतलं होतं. सम्राट घरोघर पाणी पीत फिरला. कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या धुण्याच्या दगडाखाली, एका घरी तुळशीभोवती प्रदक्षिणेला, एका घरी छपराच्या भेगेत. गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष पृथ्वीराज याच्या घरी तर कॅरमच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, तोही डांबरानं पुरा केला होता. म्हणजे रस्ता सगळा झाला होता. फक्त तो आत झाला होता.

पोट पाण्यानं डुचमळत असतानाच सम्राटला हे कळलं की त्यानं रस्ता मोजला, पण गल्ली मोजली नव्हती. कामाच्या दिवशी प्रत्येक जण दारात येऊन 'एक घमेलं हिकडं टाका की' म्हणणार. नाही म्हणायची पद्धत नाही, कारण त्याच घरातून मजुरांना चहा आलेला असतो. तेव्हा मागणी आधीच मोजायची. ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं आत्ताच सांगायचं. एका घमेल्याला एक रेघ, खडूनं, ज्याच्या त्याच्या दाराच्या चौकटीवर. भरलेलं घमेलं किती भरतं हे अनुजानं दूध संघाच्या काट्यावर तोलून आणलं. तिथल्या लोकांनी विचारलं तर म्हशीचं आहे म्हणून सांगितलं.

गल्लीनं या योजनेचं स्वागत केलं. इतकी वर्षं रस्ते झाले पण कुणी घरी येऊन तुम्हाला काय हवं असं विचारलं नव्हतं. सम्राटला वाटलं, लोक आता सज्जे, गच्च्या, माळे सांगतील. पण घरातलं सगळं गेल्या खेपेलाच उरकलं होतं. आता त्यांना दारापुढं हवं होतं. आपल्या दारापुढचा तुकडा, भिंतीपासून गल्लीच्या मध्यापर्यंत. समोरच्या घरवाल्याला त्याच्या भिंतीपासून मध्यापर्यंत. त्याच्या शेजाऱ्याला तेवढाच, जमलं तर थोडा जाड.

मग गतिरोधक आले. प्रत्येकाला आपल्या दारात एक हवा होता, कारण दुसऱ्याच्या दारात होता. हे सगळे गतिरोधक बसवायचे तर दोन गतिरोधकांच्या मधे जागा उरेना. यावर पृथ्वीराजनं मार्ग काढला. सगळ्यांनाच द्यायचे आणि एकमेकांना चिकटून द्यायचे, म्हणजे वरून आपोआप सपाट होतील, गाडीला कळणारसुद्धा नाही. सम्राटनं यावर विचार केला आणि त्याला चूक सापडली नाही.

पृथ्वीराजची स्वतःची मागणी उलटी होती. मंडळाचा मांडव दर वर्षी रस्ता खणून घालावा लागतो, मग लोक बोलतात. तर खणायचे ते खड्डे रस्ता करतानाच ठेवावेत. खांब कुठं येतात हे तो खुणा करून देईल. झाकायला पत्र्याची झाकणंही मंडळ देईल. "खड्डा आपलाच हाय," तो म्हणाला. "नंतर पाडला तर नुकसान, आदी ठेवला तर नियोजन." तेवढं डांबर वजा झालं. पाण्याच्या पायपाला नंतर चर खणायची असते, तीही आत्ताच ठेवा म्हणून कुणी सुचवलं. तेही वजा झालं.

असा सम्राट चौकटीमागून चौकट रेघा ओढत शेवटच्या घरी पोचला.

गणपतराव पायरीवर बसले होते. अनुजा आत होती आणि तिथून दिसत होती. सम्राटनं खडू वर धरला आणि किती लिहू असं विचारलं.

"कसलं?"

"घमेली, आबा. दारापुढं."

गणपतरावांनी त्याला समजावून सांगितलं, आणि शांतपणे सांगितलं, एखाद्या नवीन कंडक्टरला सांगावं तसं. रस्ता सरकारचा असतो. तो मागायचा नसतो, तो येतो. घमेलं मागायचं असतं. आणि गणपतराव मागणारा माणूस नव्हे. नोकरीत असताना त्यांनी स्वतःच्या बायकोलासुद्धा फुकट बसवलं नव्हतं. तिकीट काढून, आणि तेही मागच्या सीटवर. तेव्हा त्यांच्या दारात रस्ता यावा, घमेलं येऊ नये.

यात अडचण एकच होती. सम्राटनं रात्री सगळ्या रेघांची बेरीज केली, मांडवाचे खड्डे आणि चर वजा केली, आणि मंजूर मालातून ती काढली. वाया जाण्यासाठी धरलेले पाच टक्के सोडले तर मंजूर माल सगळा घमेल्यांत गेला होता. रस्त्याच्या वाट्याला शून्य उरत होतं. कवठ गल्लीत भरपूर डांबर पडणार होतं आणि त्यातला एक कणही रस्त्यासाठी नव्हता.

दादांना त्यानं घाबरत घाबरत आकडे ऐकवले. दारापुढचं इतकं, गतिरोधक इतके, नासाडीचे पाच टक्के, रस्ता शून्य. दादांनी फक्त शेवटची बेरीज ऐकली. ती मंजूर मालाशी तंतोतंत जुळत होती. त्यांच्या धंद्यात असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी सम्राटच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, एवढं बरोबर काढलंस, तर आधी काय झालं होतं तुला.

ते पाच टक्के नासाडीचे सम्राटनं मनातल्या मनात गणपतरावांच्या नावावर टाकले होते. चौकटीवर रेघ मात्र ओढली नव्हती. ओढली असती तर सकाळी गल्लीनं बघितली असती, आणि गणपतरावानं मागितलं असं झालं असतं.

कामाच्या दिवशी डंपर आला तेव्हा गल्ली दारात उभी होती. आणि कधी नव्हे ते कुणी काही मागितलं नाही. मागायचं होतं ते चौकटीवर लिहिलेलं होतं. मजूर रेघा मोजून ढीग टाकत गेले, दुसरे ते पसरत गेले. जास्तीचं एक घमेलं कुणी मागितलं तर शेजारीच त्याची चौकट दाखवायचे. चिमणाबाईनं रात्रीत तीन रेघा वाढवल्या होत्या, पण तिचा खडू निळा होता.

आणि तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती गोष्ट झाली. पहिल्या घराचं दारापुढचं झालं, त्याला चिकटून दुसऱ्याचं, त्याच्या समोरच्याचं, मधोमध दोन्ही भिडले. गतिरोधक एकमेकांना टेकले आणि पृथ्वीराज म्हणाला होता तसे सपाट झाले. कुणीच रस्ता करत नव्हतं आणि रस्ता होत होता. मागून आकाराम रोलर घेऊन येत होता आणि मोठ्या आदरानं, जणू काही कुणी झोपलंय, अशा बेतानं तो दाबत होता.

आकारामबद्दल थोडं सांगायला हवं. या भागातली निम्मी लग्नं त्यानं जुळवलेली होती. रोलर माणसाच्या चालीनंही जात नाही, त्यामुळं प्रत्येक दारापुढनं जाताना त्या घरची पुरी हकीकत कळते, आणि येताना शेजारच्या गल्लीतलं स्थळ सांगता येतं. त्याच्या धंद्यात एकच पथ्य होतं. गरम डांबरावर रोलर उभा करायचा नाही. उभा राहिला की रुततो आणि कायमचा खळगा पडतो. त्यामुळं आकाराम जे काही बोलायचा ते चालता चालता, पुढं जाताना अर्धं आणि मागं येताना अर्धं.

डांबर चिमणाबाईच्या दारापर्यंत आलं. थांबलं. पण या खेपेला डंपर रिकामा नव्हता. पाच टक्के तळाशी काळे काळे वाफाळत पडले होते. सम्राटच्या खुणेवर मजुरांनी ते गणपतरावांच्या दाराच्या अलीकडं ओतले. चांगला ढीग झाला. मजुरांनी फावडी उचलली.

"ह्ये कुनाचं?" गणपतरावांनी पायरीवरून विचारलं.

तुमचं, सम्राट म्हणाला.

गणपतरावांनी आपल्या चौकटीकडं बघितलं. ती कोरी होती. म्हणजे हे मागितलेलं नव्हतं. मग हा रस्ता आहे का, असं त्यांनी विचारलं. सम्राटला खोटं बोलता आलं असतं, पण रस्ता शून्य आहे हे दादांच्या मुकादमापासून म्हशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नाही, तो म्हणाला. उरलंय.

"गणपतरावानं उरलेलं कधी खाल्लं न्हाय," गणपतराव म्हणाले. "दारात बी घालून घ्यायचं न्हाय."

माल गरम असतो तोवरच त्याचं काही होतं. थंड झाला की त्याचा दगड होतो, मग तो फक्त बसायला उपयोगी. सम्राट ढिगाजवळ उभा राहिला. ऊब चपलेतून कळत होती, आणि ती कमी होत होती.

तेवढ्यात रोलर आला. आकारामनं न थांबता गणपतरावांना विचारलं, उरलेलं नको तर जावयानं दिलं म्हणून घ्या की, आणि मागं निघाला. गणपतराव विचारात पडले. रोलर गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत येईपर्यंत त्यांचं उत्तर तयार झालं होतं.

"जावयाकडनं तर मुळीच न्हाय. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत. डांबर कसं घिऊ?"

आता पेच पक्का बसला. डांबर दारापर्यंत आलं तर सम्राट जावई. सम्राट जावई झाला तर डांबर दारात घेता येत नाही. ते घेतलं नाही तर सम्राट जावई नाही. सम्राटनं डिप्लोमाला असताना वर्तुळं पुष्कळ काढली होती, पण अशा वर्तुळात उभा तो पहिल्यांदाच राहत होता.

आकाराम हे उत्तर घेऊन मागं गेला. जाताना दारोदार ते सांगत गेला आणि येताना गल्लीचं मत गोळा करून आला. गल्लीचं म्हणणं असं पडलं की नातू झाल्यावर लेकीच्या घरचं पाणी चालतं. तेव्हा आधी लग्न उरकावं, नातू होऊ द्यावा, मग डांबर घालावं. गणपतरावांना हे तत्त्वतः मान्य झालं. सम्राटनं ढिगावर हात धरून बघितला. तो नातवापर्यंत टिकणार नव्हता.

चिमणाबाईनं आतनं वाकळ आणली आणि ढिगावर पांघरली. मग दुसरी आणली. एवढ्यानंही भागेना तेव्हा म्हशींच्या अंगावरची पोती आली. तो ढीग आता एखाद्या आजारी माणसासारखा गल्लीच्या टोकाला पडून होता आणि त्याच्याभोवती लोक उभे होते. पृथ्वीराजनं मंडळाच्या नावानं गणपतरावांना शाल देऊन डांबर सत्कार म्हणून अर्पण करायचं सुचवलं. गणपतराव म्हणाले, सत्कार कशाबद्दल. पृथ्वीराजला कारण सुचेपर्यंत रोलर दोनदा जाऊन आला. मजुरांनी चहा घेतला. आकाराम पुढं जात होता, मागं येत होता, प्रत्येक फेरीला एक वाक्य नेत होता आणि एक आणत होता, आणि सबंध गल्लीचं डांबर त्या बोलण्याखाली दाबलं जात होतं.

मग अनुजा आली. दूध संघातून सुटून, हातात पिशवी. तिनं गर्दी बघितली, वाकळा बघितल्या, बापाकडं बघितलं, सम्राटकडं बघितलं. पिशवीतून दूध तपासायचा थर्मामीटर काढला, वाकळ उचलून ढिगात खुपसला. पारा सरसर शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला.

"दुधाचा हाय, पुढचं दावत न्हाय," ती म्हणाली. "पण गरम हाय अजून. काय चाललंय?"

रोलर येत होता. आकारामनं येता येता अर्धं सांगितलं, जाता जाता उरलेलं. अनुजानं सम्राटच्या खिशातला खडू काढून घेतला आणि ती आपल्या चौकटीपाशी गेली.

"आबा, तुमी मागणारं न्हाय. मान्य. पण लगीन होईपातुर मी ह्याच घरची. मी मागते की." आणि तिनं चौकटीवर रेघा ओढायला सुरुवात केली. एक एक, सावकाश, टेप धरायची तशाच ताठ.

"आनि ह्येच्याकडनं घेणार?" गणपतराव म्हणाले. "उद्याच्या जावयाकडनं?"

"उद्याच्या न्हवं. तुमी अजून व्हय कुठं म्हटलंय?" अनुजा रेघा मोजत म्हणाली. "आज त्यो ठेकेदाराचा माणूस. व्हय म्हटल्यावर तुमाला घेता यायचं न्हाय. तवर घेऊन टाका."

रोलर दुसऱ्या टोकाला होता. गणपतरावांनी हे दोन्ही बाजूंनी तपासून बघितलं, वळणावर गाडी घालण्याआधी बघावं तसं. डांबर आधी, होकार मागनं. मागायचं पोरीनं, घ्यायचं घरानं, आणि त्यांनी स्वतः यात काहीच केलं नव्हतं.

"टाका," ते म्हणाले. "टाकून हू द्या. मग मी काय ते बोलतो."

वाकळा निघाल्या. फावडी फिरली. माल पसरताना मजुरांनाही घाई झाली होती, कारण होकार ऐकायचा होता. काळा तुकडा चिमणाबाईच्या दाराला भिडला आणि गणपतरावांच्या पायरीला टेकला. फक्त दाबायचा राहिला.

गणपतराव मात्र पायरीवर नव्हते. ते चालत गल्लीच्या तोंडाशी गेले होते, आणि तिथं त्यांनी रोलरला हात केला, गाडीला करतात तसा. रस्ता बुडाखालून बघितल्याशिवाय ते बोलणार नव्हते. आकारामनं चालत्या रोलरवर त्यांना वर घेतलं. ते त्याच्या शेजारी पाठ ताठ करून बसले, डोळे मिटले, आणि रोलर निघाला. गल्लीत आजवर एवढी सावकाश गाडी कुणी बघितली नव्हती. पृथ्वीराजच्या दारापुढं त्यांनी मान हलवली. मांडवाच्या झाकणांवर आल्यावर पुन्हा हलवली. चिमणाबाईच्या दाराशी म्हशी हंबरल्या, त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग रोलर त्यांच्या स्वतःच्या दारात आला, त्या नव्या, ऊन, मऊ तुकड्यावर.

"थांब," गणपतराव म्हणाले.

आकारामनं पथ्य सांगायला तोंड उघडलं. पण त्यानं जुळवलेल्या लग्नांत होकार रोलरवर बसून कुणी दिला नव्हता, आणि माणूस अशा वेळी थांबतो. त्यानं रोलर थांबवला. गणपतराव खाली उतरले नाहीत. वरूनच त्यांनी सम्राटला जवळ बोलावलं. घरी कोण कोण असतं, गारगोटीला कुणी सोयरे आहेत का, आईची तब्येत कशी असते, मुरगूडला शेत कुठल्या अंगाला, हे सगळं रीतीप्रमाणं विचारलं. सम्राटनं सगळं रीतीप्रमाणं सांगितलं. बोलणी लांबली. रोलर उभा होता.

"बरं," गणपतराव शेवटी म्हणाले. "व्हय."

आकारामनं खाली बघितलं तेव्हा रोलर चांगला चार बोटं रुतला होता.

लग्न गल्लीतच झालं. मांडवाला खड्डे तयार होते, फक्त झाकणं काढायची होती. मांडववाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा पहार आणली नाही. नंतर पाण्याच्या पायपाची माणसं आली, त्यांना राखून ठेवलेली चर दाखवली, ती त्यांनी बघितली, छान आहे म्हणाली, आणि तिच्या बाजूला दुसरी खणली.

बाकी रस्ता मात्र अजून जसाच्या तसा आहे. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, खडीसुद्धा हललेली नाही. दादांनी माणसं आणून दाखवला, असं कसं दाबलं म्हणून लोक विचारतात. सम्राट सांगतो की बोलणी फिस्कटत होती. ते मान हलवतात आणि तसं लिहून घेतात.

सगळ्या गल्लीत खळगा एकच, गणपतरावांच्या दारातला. सम्राट दर वेळी तो भरू म्हणतो, येताना माल घेऊन येतो म्हणतो. गणपतराव भरू देत नाहीत. एक तर आता तो जावई आहे, त्याच्याकडून घेता येत नाही. नातू अजून व्हायचाय.

रविवारी संध्याकाळी सम्राट आणि अनुजा स्कूटरवरून येतात. अख्ख्या गल्लीतनं गाडी तेलावरून घसरावी तशी येते, आणि दारात खळग्यात धाडदिशी आपटते. गणपतराव आत खाटेवर डोळे मिटून पडलेले असतात. ते उठत नाहीत, खिडकीतून बघतही नाहीत.

"चहा टाक," ते बायकोला सांगतात. "जावई आलं."